जुन्याचा वैद्य

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या गल्लीतली एक मुलगी संध्याकाळी माझ्याकडे आली. रसायनशास्त्र घेऊन नुकतीच बी.एस्सी. झालेली, तीही पहिल्या वर्गात. म्हणाली, "चाचा, मला अजिंठ्याच्या चित्रांवर काम करायचंय. रंग लावायचे नाहीत, जे आहेत ते टिकवायचेत. त्यासाठी कुठं शिकावं लागतं? आणि पुढं नोकरी मिळते का?"

तिच्यामागं तिचे वडील उभे होते. गाड्या दुरुस्तीचं त्यांचं छोटंसं गॅरेज आहे. त्यांनी आपली बाजू दोन वाक्यांत मांडली. "औषधाच्या कंपनीत जागा निघालीय, पहिल्या महिन्यापासून पगार हातात. आणि ही म्हणते, लेण्यात जाऊन भिंती पुसायच्या. भिंती पुसायला एम.एस्सी. कशाला लागते, भाईजान?"

प्रश्न चेष्टेचा नव्हता. घरात पाठोपाठ दोन भावंडं शिकताहेत, त्या बापाचा तो हिशेब होता. मी पडलो बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मला यातलं काय कळणार? पण पोर विश्वासानं आली होती. म्हणून मी दोन महिने चौकशी केली, वाचलं, जाणत्यांना विचारलं. जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढं ठेवतो. तुमच्याही घरात असा प्रश्न विचारणारी एखादी मुलगी किंवा मुलगा असेल.

पण ती माझ्याकडंच का आली, ते आधी सांगतो. त्याचं कारण एक वही.

माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. टाक शाईत बुडवून ते एका वहीत कविता लिहीत. ते गेल्यावर ती वही माझ्याकडं आली. पानं कडेनं फाटत होती. १९८९ साली मी बाजारातून पारदर्शक चिकटपट्टी आणली आणि एकेक पान मोठ्या मायेनं सांधलं. तेव्हा फार छान दिसलं. पट्टी लावल्याचं कळतही नव्हतं. मात्र दहा-बारा वर्षांत ती पट्टी पिवळी पडली, मग तपकिरी झाली. डिंक कागदात उतरला, शाई पसरली. शेवटी वरचं प्लॅस्टिक सुटून पडलं आणि डाग तेवढा राहिला. जिथं जिथं मी वडिलांचं अक्षर वाचवायला गेलो, नेमकं तिथलंच अक्षर गेलं.

ही मुलगी कॉलेजात असताना मी तिला ती वही दाखवली होती. तिनं ती खिडकीशी नेऊन उजेडात पाहिली आणि डिंकाची हवेशी प्रक्रिया कशी होते, हे मला समजावलं. मग हळूच म्हणाली, "चाचा, तुम्ही प्रेमानं खराब केलीत." त्या दिवसापासून तिच्या डोक्यात हे खूळ शिरलं.

आता अजिंठ्याकडं येऊ. कारण माझ्या वहीचं जे झालं, तेच फार मोठ्या प्रमाणावर अजिंठ्यात घडलेलं आहे.

१८१९ साली कॅप्टन जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला ही लेणी पडली. पुढं नकला करणारे चित्रकार आले. रंग उठून दिसावेत म्हणून त्या काळात चित्रांवर व्हार्निशही फासलं गेलं. लेणी निजामाच्या हद्दीत होती. संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी हे जाणते विद्वान होते. गिलावा भिंतीवरून सुटतो आहे, हे पाहून १९२० मध्ये संस्थानानं थेट इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी दोन हंगाम काम केलं. सुटत चाललेल्या गिलाव्याच्या कडा त्यांनी पक्क्या केल्या, आणि त्यामुळं बरीच चित्रं गळून पडण्यापासून वाचली. हे श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण रंग धरून राहावा म्हणून त्यांनी चित्रांवर लाखेचा हात दिला. सुतार लाकडाला पॉलिश करायला वापरतात तीच चपडा लाख. पहिली काही वर्षं चित्रं झळाळली. नव्याचे नऊ दिवस! मग लाख पिवळी पडली, काळवंडली, तिच्यावर धूळ आणि काजळी बसली, आणि चित्रं त्या पडद्याआड गेली.

त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या काळातलं उत्तम ज्ञान घेऊन ते आले होते. पण इटलीतली भित्तिचित्रं बहुधा ओल्या चुन्यावर काढलेली असतात. रंग चुन्याबरोबर वाळतो आणि भिंतीचाच भाग होतो. अजिंठ्याचं तंत्र वेगळं. तिथं काळ्या बेसॉल्ट दगडावर तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेला मातीचा गिलावा आहे, त्यावर पांढरा पातळ थर, आणि तो वाळल्यावर डिंकात किंवा सरसात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, आणि थेट अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्दाचा निळा. माती हवेतला ओलावा घेते आणि सोडते. तिच्यावर लाखेचं झाकण घातलं, की तिचा श्वास कोंडतो.

या लाखेखालून चित्रं पुन्हा वर काढण्याचं काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेनं केलं. १९९९ पासून पुढं नऊ आणि दहा क्रमांकाच्या लेण्यांत हे काम बारकाईनं झालं, आणि सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, देशातली सर्वांत जुनी म्हणावीत अशी चित्रं लोकांना दिसू लागली. आता गॅरेजवाल्या भाईंच्या प्रश्नाकडं परत या. भिंती पुसायला एम.एस्सी. कशाला? तर वरची लाख विरघळेल पण खालचा गेरू हलणार नाही, असं द्रावण कोणतं, ते किती पातळ करायचं आणि किती क्षण ठेवायचं, हे सांगायला. कापसाचा बोळा एकदा जास्त फिरला, तर दोन हजार वर्षांचा डोळा पुसला जातो. तो परत काढता येत नाही.

हे काम करणाऱ्याला म्हणायचं संवर्धन-शास्त्रज्ञ. इथं एक फरक लक्षात घ्या. प्रत्यक्ष वस्तूवर हात चालवतो तो संवर्धक. वस्तू कशाची आहे, तिला काय झालंय, कोणता उपाय मानवेल आणि कोणता नाही, हे प्रयोगशाळेत तपासून सांगतो तो संवर्धन-शास्त्रज्ञ. दवाखान्यात सर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट असतात ना, तसंच. आपल्याकडं माणसं कमी, म्हणून पुष्कळदा एकाच माणसाला दोन्ही व्हावं लागतं.

हा व्यवसाय आपल्या देशाला नवा नाही. पुरातत्त्व सर्वेक्षणाची ही शाखा १९१७ सालची. मोहम्मद सनाउल्लाह हे तिचे पहिले पुरातत्त्वीय रसायनज्ञ. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये सुरुवात झाली आणि काही वर्षांत प्रयोगशाळा डेहराडूनला गेली. मोहेंजोदडोत सापडलेल्या तांब्याच्या आणि कांस्याच्या वस्तूंचं रासायनिक पृथक्करण सनाउल्लाह यांनी केलं. मद्रासच्या सरकारी संग्रहालयात १९३० साली वेगळी प्रयोगशाळा निघाली, कारण तिथल्या कांस्यमूर्तींना हिरव्या भुकटीचा रोग लागला होता. तिथल्या एस. परमशिवन यांनी पुढं दक्षिणेतल्या आणि अजिंठ्याच्याही भित्तिचित्रांच्या तंत्राचा अभ्यास केला. १९७६ मध्ये लखनौला सांस्कृतिक वारशाच्या संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा उभी राहिली, ती ओ. पी. अगरवाल यांच्या पुढाकारानं.

या कामाला नुसतं रसायनशास्त्र पुरत नाही, याचं उदाहरण आपल्या मराठवाड्यातलंच आहे. वेरूळचा गिलावा कीटकांनी फारसा खाल्लेला नाही, अजिंठ्याचा मात्र बराच खाल्ला आहे. असं का? पुरातत्त्व सर्वेक्षणाचे रसायनज्ञ राजदेव सिंग आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी वेरूळच्या गिलाव्याचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात भांगेच्या झाडाचे तंतू निघाले. त्या झाडाला कीटक सहसा लागत नाहीत, तंतू गिलाव्याला धरून ठेवतात, आणि अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत. २०१६ साली 'करंट सायन्स'मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. एक रसायनाचा माणूस, एक वनस्पतींचा. दोघं एका भिंतीपाशी भेटले, तेव्हा कोडं सुटलं.

ताजमहालाचंही तसंच. संगमरवर पिवळा पडतो म्हणून १९९४ पासून अधूनमधून त्याला मुलतानी मातीचा लेप देतात. आपल्या आज्या चेहऱ्याला लावत तोच. लेप वाळला की मळ ओढून घेतो, मग तो शुद्ध पाण्यानं धुतात. पण २०१६ मध्ये भिंतींवर हिरवे डाग दिसू लागले, ते निघाले यमुनेच्या घाण पाण्यात वाढणाऱ्या किड्यांच्या विष्ठेचे. म्हणजे दुखणं भिंतीवर आणि मूळ नदीत! चांगला वैद्य नुसती जीभ पाहून पुडी बांधत नाही, घरचं पाणीही विचारतो.

आता मुद्द्याचं. शिकायचं काय आणि कुठं?

बारावी विज्ञान शाखेतून झालेली हवी. त्यानंतर सगळ्यांत भक्कम पाया म्हणजे रसायनशास्त्रातली एम.एस्सी.; त्यातही पृथक्करणाचं, म्हणजे ॲनॅलिटिकल रसायनशास्त्र. पुरातत्त्व सर्वेक्षणातल्या रसायनज्ञांच्या वरच्या जागा केंद्रीय लोकसेवा आयोग भरतो, आणि तिथं रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी हाच मुख्य दरवाजा असतो. वरच्या पदांना प्रयोगशाळेतला अनुभवही मागतात. भूगर्भशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, वनस्पतिशास्त्र शिकलेल्यांनाही या क्षेत्रात जागा आहे. दगड झिजतो, बुरशी चढते, लाकूड किडतं. प्रत्येकाला आपापला वैद्य लागतो.

संवर्धनाचं खास शिक्षण नोएडाच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेजमध्ये मिळतं. पूर्वी दिल्लीत होती ती नॅशनल म्युझियम इन्स्टिट्यूट हीच. लखनौच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत प्रशिक्षण वर्ग चालतात. कागद आणि हस्तलिखितं यांत रस असेल, तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे लहान अभ्यासक्रम आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २००८ पासून कलासंवर्धन केंद्र आहे. तिथं देशभरातल्या संग्रहांच्या वस्तू उपचाराला येतात. पुण्याचं डेक्कन कॉलेज पुरातत्त्वासाठी नामांकित आहे. प्रवेशाचे नियम दर वर्षी थोडेफार बदलतात. म्हणून अर्ज करण्याआधी त्या त्या संस्थेचं माहितीपत्रक स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

परदेशातल्या मोठ्या संग्रहालयांच्या प्रयोगशाळांत बहुधा रसायनशास्त्रातली पीएच.डी. मागतात. रोममध्ये १९५९ पासून असलेली इक्रॉम ही आंतरराष्ट्रीय संस्था प्रशिक्षण देते. अमेरिकेतली गेटी संस्था १९८९ पासून चीनमधल्या मोगाओ लेण्यांत तिथल्या संशोधकांबरोबर काम करते आहे. तीही चित्रं मातीच्या गिलाव्यावरची, अजिंठ्याची चुलत भावंडंच. म्हणजे इथं जे शिकाल ते जगात इतरत्रही चालतं.

आता नोकरीचं खरं खरं सांगतो. गोड बोलून कुणाच्या पोराचं आयुष्य पणाला लावू नये.

जागा थोड्या आहेत. पुरातत्त्व सर्वेक्षणाकडं सुमारे ३,७०० संरक्षित स्मारकं आहेत. तेवढ्यांसाठी रसायनज्ञ मात्र मूठभर. जाहिराती दर वर्षी निघत नाहीत. निघाल्या तर निवड व्हायला वेळ लागतो. एकदा आत गेलात, की केंद्र सरकारची वेतनश्रेणी, बदल्या, बढत्या, सगळं रीतसर. पण तोवर काय? तोवर बहुतेकांना प्रकल्पावर, कंत्राटावर काम करावं लागतं. एखाद्या संग्रहालयात वर्षभर, एखाद्या ट्रस्टच्या हवेलीत सहा महिने, मग एखाद्या खासगी संवर्धकाच्या हाताखाली. पगार बेताचा, आणि काम संपलं की तोही संपला. पहिली चार-पाच वर्षं अशीच जातील, असं धरूनच चालावं.

दुसरीकडं, काम मात्र वाढतं आहे. हस्तलिखितांसाठी २००३ मध्ये राष्ट्रीय अभियान सुरू झालं होतं. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' अभियान जाहीर झालं, त्यात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद आणि जतन करायचं ठरलं आहे. देवस्थानं, दर्गे, जुने वाडे, बँका आणि कंपन्यांचे चित्रसंग्रह, विद्यापीठांची ग्रंथालयं या सगळ्यांना आता उमगू लागलंय की जुनी वस्तू सुताराच्या किंवा रंगाऱ्याच्या हवाली करायची नसते. इन्टॅकसारख्या संस्थेच्या संवर्धन केंद्रांतही काम निघतं. काम आहे, पक्क्या खुर्च्या कमी आहेत; असं हे चित्र.

आणि एक गोष्ट मुलीच्या वडिलांना मी मुद्दाम सांगितली. अजिंठ्याच्या रंगाचा कण ज्या यंत्रात तपासतात, तशाच यंत्रात औषधाच्या कंपनीत गोळी तपासतात. इन्फ्रारेडचं यंत्र सारखंच, शिस्तही सारखीच. न्यायवैद्यक प्रयोगशाळेतही तीच विद्या चालते. तेव्हा ॲनॅलिटिकल रसायनशास्त्रात एम.एस्सी. केली आणि लेण्याचं दार उघडलं नाही, तरी दुसरी दारं बंद होत नाहीत. पदवी वाया जायची नाही. फक्त दोन वर्षांचा पगार मागं पडेल, आणि तो सोसायचा की नाही, हे घरानं मिळून ठरवायचं.

पदवीखेरीज या कामाला आणखी काय लागतं? हात स्थिर लागतो. परातीवर चढून मान वर करून तासन् तास थांबता आलं पाहिजे. द्रावणांचा वास आणि वटवाघळांची घाण सोसावी लागते. दिवसभरात वीतभर जागा साफ झाली, तर आज खूप झालं, असं वाटण्याइतका धीर लागतो. आणि लिहिता यावं लागतं. हे मी कवी म्हणून सांगत नाही. आज कोणतं द्रावण, कुठं, किती वेळ लावलं, हे स्वच्छ भाषेत नोंदवलं नाही, तर पन्नास वर्षांनी येणारा माणूस आंधळा होऊन काम करील. आपण केलेला उपाय त्याला उलटवता यावा, हा या शास्त्रातला पहिला धडा आहे. आपल्यापेक्षा जास्त कळणारा कुणीतरी पुढं येणार आहे, हे धरूनच हात घालायचा.

कधी कधी तर हातच घालायचा नसतो. फ्रान्समधली लास्को गुहा १९४० मध्ये सापडली, १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली. बघ्यांच्या श्वासानं आणि दिव्यांच्या उजेडानं भिंतींवर शेवाळ चढलं, तेव्हा १९६३ मध्ये ती बंद करावी लागली. गर्दी थांबवा, असं सांगण्याची हिंमत हीसुद्धा या नोकरीतली एक पात्रताच आहे. अजिंठ्यातही फ्लॅश मारू नका, आत जास्त वेळ घोटाळू नका असं सांगतात, तेव्हा आपल्याला राग येतो. त्यामागं कुणाचं तरी मोजमाप असतं.

हे सगळं मी त्या दोघांपुढं मांडलं. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्याकडं एखादा नवा पोरगा येतो, बिघाड कळायच्या आत इंजिन खोलून बसतो. त्याला मी आधी फटकारतो. हे तसंच म्हणायचं." मी म्हटलं, अगदी तसंच. त्यांनी मुलीला दोन वर्षं दिली. सध्या ती एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, संध्याकाळी दहावीच्या शिकवण्या घेते. पुढं तिला लेण्याचं काम मिळेल की औषधाच्या कंपनीत जावं लागेल, ते मला माहीत नाही. तिलाही नाही. पण ती डोळे उघडे ठेवून गेली आहे, आणि तिच्या वडिलांनीही डोळे उघडे ठेवूनच होकार दिला आहे.

राहिली वडिलांची वही. मध्यंतरी मी तिला म्हटलं, उरलेल्या पट्ट्या काढून टाकू या का, आता तू शिकते आहेस. तिनं मान हलवली. "नको चाचा. मला अजून येत नाही. तोवर तुम्हीही हात लावू नका." वही धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवली आहे, उजेडापासून आणि ओलाव्यापासून दूर. तेवढं मला जमतं.